भट्टीवरचा पाद्री

१९६९ च्या नोव्हेंबरात हामरबेक गावच्या कोक भट्टीवरून एक माणूस खाली पडून मेला. वय एकतीस, घरी बायको आणि म्हातारी आई. हार्टविग ब्रेमर तेव्हा गावच्या प्रोटेस्टंट चर्चचा पाद्री होता. सदतीस वर्षांचा, उंच, काटकुळा. आवाज मात्र असा की शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हातारीलाही मान वर करावी लागे. दफनाच्या वेळी त्यानं मनापासून प्रवचन केलं. बायको रडली, आई रडली, चर्चची झाडलोट करणारी बाईसुद्धा रडली. मेलेल्याचे सोबती मात्र टोप्या हातात घेऊन दाराशी उभे राहिले. बाकं रिकामी होती, तरी एकही जण बसला नाही.

नंतर चर्चच्या दालनात कॉफी आणि लोण्याचा केक होता. तिथं एक रुंद खांद्यांचा माणूस बशी घेऊन ब्रेमरजवळ आला. त्याच्या भुवया जळून गेल्या होत्या, त्यामुळे चेहरा सदा चकित झाल्यासारखा दिसे.

“छान बोललात, पाद्रीसाहेब.”

“आभारी आहे.”

“वर कधी गेला होतात का?”

ब्रेमरला वाटलं, हा स्वर्गाबद्दल विचारतोय. “वर म्हणजे?”

“भट्टीवर हो. तो पडला तिथं.”

“नाही.”

“मला वाटलंच,” असं म्हणून त्यानं केकचा उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि तो निघून गेला.

त्याचं नाव ब्रूनो गोलुब. भट्ट्यांच्या छतावर वीस वर्षं काढलेला मुकादम. त्याच्या त्या एका प्रश्नानं ब्रेमरला आठवडाभर चैन पडू दिलं नाही. पुढच्या सोमवारी तो कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला.

ब्रूनोनं त्याला लाकडी तळाचे बूट दिले. “रबराचे घालून गेलात तर वर चिकटून बसाल. मग चर्चला दुसरा पाद्री शोधावा लागेल.”

छतावर एका रांगेत साठ भट्ट्या होत्या. आत कोळसा भाजून त्याचा पोलादासाठी लागणारा कोक होत होता, आणि झाकणांच्या फटींतून पिवळा धूर निघत होता. पाऊस पडत होता, पण थेंब छताला टेकायच्या आधीच त्याची वाफ व्हायची. त्या धुरात माणसं लोखंडी दांड्यांनी झाकणं उचलत होती, पुन्हा बसवत होती, आणि एकमेकांवर ओरडत होती. ब्रेमर अकरा मिनिटं टिकला. खाली आल्यावर भिंतीला धरून ओकला.

ब्रूनोनं गार चहाची बाटली पुढे केली. “घ्या. पहिल्या दिवशी सगळेच ओकतात. देवाची माणसंपण ओकतात, हे मात्र आज कळलं.”

त्यानंतर दीड वर्ष ब्रेमर दर रविवारी प्रवचनाला उभा राहिला की त्याला दाराशी उभी असलेली ती माणसं दिसायची. १९७१ च्या ईस्टरनंतर त्यानं राजीनामा दिला. वरिष्ठांनी त्याला बोलावून घेतलं, चहा पाजला, सुटी घ्या म्हणाले, हवं तर कामगारांवर पुस्तक लिहा म्हणाले. तो सरळ भट्टीच्या नोकरभरतीच्या खिडकीशी गेला.

त्याची बायको आल्मूट बालवाडीची शिक्षिका होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. चर्चचं घर सोडून दोन खोल्यांच्या जागेत जायचं ठरलं, तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, “पियानो बहिणीकडे पाठवते. आणि हे बघ, तिथं गेल्यावर तरी माझ्यापासून काही लपवू नकोस. तुम्हा पाद्र्यांना दुसऱ्यांची गुपितं पोटात ठेवायची खोड असते. ती इथंच सोडून चल.”

त्यानं कबूल केलं.

भट्टीवर पहिलं वर्ष कुणी त्याच्याशी धड बोललं नाही. काहींना वाटलं, मालकांनी हेर पाठवलाय. मालकांना वाटलं, कम्युनिस्टांनी पाठवलाय. डब्याच्या सुटीत तो आला की विषय बदलायचा. “या पाद्रीबुवा, आज कुणाला मुक्ती?” असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे हसायचे. तो पण हसायचा. पुढच्या उन्हाळ्यात एकदा धूर छातीत भरून तो तिथंच कोसळला. ब्रूनोनं त्याला काखेत धरून, पोत्यासारखं ओढत जिन्यापर्यंत आणलं. त्यात ब्रूनोचा डावा हात झाकणाला लागून कोपरापर्यंत भाजला. त्या दिवसापासून ब्रूनो त्याला ‘अरे पाद्री’ म्हणायला लागला, आणि बाकीच्यांनीही ‘बुवा’ गाळला.

वर्षं गेली. ब्रेमरच्या भुवया गेल्या, पाठ वाकली, आवाजात खरखर आली. ७३ साली तुर्कस्तानातून साबरी दोआन नावाचा जवान गडी आला. ब्रूनोनं जे ब्रेमरला शिकवलं होतं ते ब्रेमरनं साबरीला शिकवलं: वाऱ्याची दिशा बघून उभं राहायचं, झाकण उचलताना श्वास रोखायचा, आणि साहेब म्हणाला घाई कर, तर चालणं आणखी मंद करायचं. कामगारांनी ब्रेमरला आपल्या समितीवर निवडून दिलं. मग ७५ साली ब्रूनोच्याच डोक्यात आलं की पाद्रीनं नगरसेवक व्हावं.

“मला राजकारणातलं काय कळतं?” ब्रेमर म्हणाला.

“तुला भट्टीतलं काय कळत होतं?” ब्रूनो म्हणाला. “बोलता येतं ना? तिथं बोलणाऱ्यांचंच काम असतं. आमच्यातला कुणी उभा राहिला तर दोन वाक्यांनंतर शिवीच देईल.”

वीजेनग्रुंड ही भट्टीच्या कामगारांची वसाहत. लाल विटांची एकशे दहा घरं, मागं भाज्यांचे वाफे, सशांची खुराडी, कबुतरांच्या ढाबळी. ब्रूनोनं तिथलं एकेक दार ठोठावलं, आणि ब्रेमर निवडून आला. त्यानं वसाहतीला बसथांबा मिळवून दिला, भट्टीवर नवी न्हाणीघरं मिळवली, आणि तीन वर्षं भांडून वसाहतीच्या मधल्या कुरणावर बालवाडी बांधून घेतली. आल्मूट तिची मुख्य झाली. उद्घाटनाच्या दिवशी ब्रूनोनं आपली कबुतरं उडवली. ब्रेमरला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, झगा उतरवला ते बरं केलं.

त्या कुरणाच्या जागी फार पूर्वी डांबराचा कारखाना होता, हे म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. पण ती पहिल्या महायुद्धाआधीची गोष्ट. तिची कुणाला फिकीर नव्हती.

१९८३ च्या जूनमध्ये ब्रूनोच्या फुप्फुसात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, कापण्यासारखी राहिली नाही. ऑक्टोबरात, नव्या गटारासाठी घेतलेल्या मातीच्या नमुन्यांचा अहवाल आला. आरोग्य समितीचा अध्यक्ष म्हणून एक प्रत ब्रेमरकडे आली, दुसरी महापौर फोसकांपकडे. नगरपालिकेच्या तरुण रसायनतज्ज्ञ बाईनं अहवाल त्याच्या हातात दिला, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

“ब्रेमरसाहेब, शेवटचं पान आधी वाचा.”

शेवटच्या पानावर लिहिलं होतं की वसाहतीखालच्या मातीत डांबराचं विष आहे, कुरणाखाली सगळ्यांत जास्त. भाजीपाला पिकवू नये. मुलांना मातीत खेळू देऊ नये. रहिवाशांना हलवण्याचा विचार तातडीनं व्हावा.

महापौर फोसकांप गोल चेहऱ्याचा, गोड बोलणारा माणूस. “हार्टविग, पुढच्या सप्टेंबरात निवडणूक आहे. एकशे दहा घरं म्हणजे किती मतं, तूच सांग. एवढी घाई कशाला? आणखी एक तपासणी करू, मग बघू.”

“पुढच्या सभेत मी हे मांडणार,” ब्रेमर म्हणाला, आणि त्याचा इरादा खरंच तसा होता. फक्त त्याला वाटलं, ब्रूनोला हे सभागृहातून कळू नये. आपणच आधी सांगावं.

ब्रूनो स्वयंपाकघरात खिडकीशी खुर्ची टाकून बसला होता. तिथून त्याला कबुतरांची ढाबळ दिसायची. त्याची बायको हेडविग ओट्याशी बटाटे सोलत होती.

“काय रे, तोंड का पाडलंयस? मरतोय मी, तू नाही.”

ब्रेमरनं सांगितलं. ब्रूनो सगळं ऐकून घेईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

“म्हणजे वसाहत पाडणार.”

“आधी माणसं हलवतील. मग पाडतील.”

“मी या वरच्या खोलीत जन्मलो, पाद्री. माझा बाप त्याच खोलीत मेला.” त्याला खोकल्याची उबळ आली; ती जाईपर्यंत दोघंही थांबले. “डॉक्टर म्हणतो, नाताळपर्यंत. मला इस्पितळात मरायचं नाही. चौथ्या मजल्यावर, परक्या छताकडे बघत. नाताळपर्यंत गप्प बस. एवढंच.”

“इथं लहान मुलं आहेत, ब्रूनो.”

“इथं साठ वर्षं लहान मुलं आहेत. मी पण होतो. आम्ही ती माती खाल्लीय.”

“आणि आता तू खोकतोयस.”

“मी भट्टीपायी खोकतोय. तू पण खोकशील.” त्यानं डावा हात मांडीवरून उचलून खुर्चीच्या हातावर ठेवला. भाजलेली कातडी कोपरापर्यंत गुळगुळीत चकाकत होती. त्याच्या मनात ते नसेलही. पण ब्रेमरची नजर तिथंच गेली. “चौदा वर्षांत तुझ्याकडे काही मागितलंय मी?”

त्यानं मागितलं नव्हतं. हेडविगची सुरी थांबली होती. ती वळून बघत नव्हती.

“नाताळपर्यंत,” ब्रेमर म्हणाला.

अहवाल त्यानं घरी आपल्या कपाटात, जुन्या प्रवचनांच्या वह्यांखाली ठेवला.

नाताळ आला. ब्रूनो जिवंत होता. नव्या वर्षाचे फटाके झाले, तेही त्यानं खिडकीतून बघितले. डॉक्टरला नवल वाटलं. “माझी कबुतरं मला सोडत नाहीत,” ब्रूनो म्हणायचा. तो वाळून अर्धा झाला होता, पण मरत नव्हता. आणि ब्रेमर दर रविवारी त्याच्याजवळ बसून मनाशी हिशेब मांडत होता: हिवाळ्यात मुलं कुठं मातीत खेळतात? जमीन गोठलेली आहे. साठ वर्षांचं विष, त्यात चार महिन्यांनी काय फरक पडतो? या चार महिन्यांचे पाच झाले. मित्र अजून का मरत नाही, असा विचार एकदा त्याच्या मनात येऊन गेला. त्या दिवशी तो ब्रूनोच्या घरून निघाला तो वसाहतीबाहेर, एम्शर नदीच्या काळ्या पाण्याच्या काठानं दोन तास चालत राहिला.

मार्चमध्ये त्यानं एक युक्ती केली. नगरपालिकेकडून बालवाडीच्या खड्ड्यातली खेळायची वाळू बदलून घेतली. ऱ्हाईनची स्वच्छ, पिवळी वाळू आली, दोन ट्रक. आल्मूट इतकी खूश झाली की तिनं त्याला भर रस्त्यात मिठी मारली. “चला, तुझ्या नगरसेवकपणाचा मुलांना काही तरी उपयोग झाला.”

त्यानं ट्रकवाल्याच्या पावतीवर सही केली.

मेच्या मध्यावर एका गुरुवारी आल्मूट संध्याकाळी घरी आली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली लाल मुळ्यांची जुडी घेऊन. बालवाडीमागच्या वाफ्यात मुलांनी ते मुळे लावले होते.

“आज पहिली तोडणी! पोरं नुसती तुटून पडली. साबरीच्या पोरीनं, दर्यानं, तर सात खाल्ले, पानांसकट. हे मी तुझ्यासाठी लपवून आणले.” तिनं ते धुऊन, लोणी लावलेल्या पावाबरोबर त्याच्या बशीत ठेवले आणि हात धुवायला गेली.

ती परत आली तेव्हा बशीत फक्त पाव होता. मुळे कचऱ्याच्या डब्यात, बटाट्याच्या सालींवर पडले होते.

“हे काय?”

“मला आज जेवण नको वाटतंय.”

“जेवण नको तर पाव ठेवलास आणि मुळे फेकलेस?” ती त्याच्याकडे बघत राहिली. तेवीस वर्षांचा संसार होता; तिला त्याच्या मानेवरून सगळं कळायचं. “हार्टविग, त्या मुळ्यांत काय आहे?”

तो उठला, कपाटातून अहवाल काढला आणि तिच्यासमोर ठेवला. तिनं उभ्यानंच वाचला. शेवटचं पान वाचून झाल्यावर ती पुन्हा पहिल्या पानावर आली आणि तारखेवर बोट ठेवलं.

“ऑक्टोबर.”

“ब्रूनोनं मागितलं होतं. त्याला घरात मरायचंय. नाताळपर्यंतच म्हणाला होता, मग...”

“ब्रूनो एक आहे. माझ्याकडे बेचाळीस आहेत.” तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. “आणि ती वाळू? मी तुझे आभार मानले. तू मानू दिलेस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बालवाडीच्या दाराला कुलूप होतं आणि आल्मूट फाटकात उभी राहून येणाऱ्या प्रत्येक आईला अहवालातलं शेवटचं पान वाचून दाखवत होती. दुपारपर्यंत वसाहतीत कुणाच्या घरी स्वयंपाक झाला नाही. संध्याकाळी पुरुषमाणसं वाफ्यांच्या कडेला उभी होती. हात खिशात, नजर जमिनीवर.

शनिवारी महापौर फोसकांप ब्रेमरच्या दारात आला. “रविवारी लोकांनी सभा बोलावलीय. तू सांग, अहवाल एप्रिलमध्ये हाती आला. मीही तेच सांगतो. ती पोरगी, रसायनवाली, तिची नोकरी अजून पक्की व्हायचीय, ती बोलणार नाही.”

“माझी बायको बोलेल.”

“बायकोला समजाव.”

“ल्युडगर,” ब्रेमर म्हणाला, “मी सात महिने गप्प बसलो. आता खोटंही बोलू?”

सभा चर्चच्या दालनात झाली, कारण वसाहतीत एवढी मोठी दुसरी जागा नव्हती. अडीचशे माणसं होती. महापौरांनी ताप आल्याचा निरोप पाठवला. ब्रेमर एकटा पुढे उभा राहिला. त्यानं अहवाल कधी आला ते सांगितलं, त्यात काय आहे ते सांगितलं, आणि आपण तो कपाटात ठेवला हे सांगितलं.

मग मागून एक बाई ओरडली, “का?”

ब्रेमरला पाचव्या रांगेत हेडविग दिसली. तिनं मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. ब्रूनो घरी खुर्चीत होता. त्याला आता खुर्चीतून उठवत नव्हतं.

“का ठेवलास? पक्षानं सांगितलं म्हणून?”

“नाही.”

“मग कुणासाठी?”

“माझ्यासाठी,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाचा दोष नाही.”

“खुर्चीसाठी!” कुणीतरी म्हणालं. “पाद्रीला खुर्ची गोड लागली!”

त्यानं नाकारलं नाही. मग शिव्या सुरू झाल्या. ज्यांनी त्याला निवडून दिलं होतं तेच उठून उभे राहिले. न्हाणीघरात रोज त्याच्या शेजारी अंग घासणारा एक जण पुढे आला आणि त्याच्या बुटांवर थुंकला. हेडविग खाली मान घालून बसून होती. आल्मूट भिंतीला टेकून उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं, आणि तीही काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ब्रेमरनं नगरसेवकपद सोडलं. कामगार समितीनं त्याला बोलावलंच नाही. तिथलं त्याचं टेबल काढून व्हरांड्यात ठेवलेलं होतं. तो समजला. त्यानं पुन्हा लाकडी बूट चढवले आणि बावन्नाव्या वर्षी छतावर पूर्ण पाळीला जाऊ लागला.

कुरणाभोवतीची घरं सर्वांत आधी रिकामी करायची ठरली. गोलुबांचं घर त्यातच होतं. जूनच्या सुरुवातीला रुग्णवाहिका आली. ब्रेमर रस्त्याच्या पलीकडे उभा होता. जवळ जायचं त्याला धाडस होत नव्हतं. स्ट्रेचर बाहेर आल्यावर ब्रूनोनंच हात हलवून त्याला बोलावलं.

“पाद्री,” तो पुटपुटला. त्याचं वजन आता शाळकरी पोराएवढं उरलं होतं. “माफ कर. मरायला जरा उशीर झाला.”

ब्रेमरनं त्याचा भाजलेला हात धरला. तो सोडेना. रुग्णवाहिकेचा माणूस म्हणाला, “चला, बाजूला व्हा.”

इस्पितळात जागा मिळाली ती चौथ्या मजल्यावर. नवव्या दिवशी ब्रूनो गेला.

हेडविगला गावाच्या दुसऱ्या टोकाला, सहा मजली इमारतीत एक खोली दिली होती. ब्रेमर तिथं गेला तेव्हा तिनं दार अर्धवटच उघडलं.

“दफनाच्या वेळी तूच बोलावंस अशी त्याची इच्छा होती. नवा पाद्री परवानगी देतो म्हणाला.” ती दाराची कडी चाचपत राहिली. “मी त्या सभेत तोंड उघडायला हवं होतं.”

“उघडलं असतंस तर तुला रोज दुकानात जाणं अवघड झालं असतं.”

“आता पण अवघडच आहे. आरशात बघणं अवघड आहे.” मग ती म्हणाली, “ये दहा वाजता. काळा कोट घाल.”

दफनाला चौदा माणसं आली. एवढ्या मोठ्या माणसाच्या दफनाला चौदा; ब्रेमर बोलणार म्हटल्यावर बाकीचे आले नाहीत. ब्रेमर कबरीच्या कडेला उभा राहिला, आणि ज्या आवाजासाठी एके काळी लोक दुसऱ्या गावाहून यायचे तो आवाज कबरीच्या पलीकडच्या कडेपर्यंतही पोचेना. त्यानं ब्रूनोचं नाव सांगितलं, जन्माचं वर्ष, आईबापांची नावं, भट्टीवर काढलेली पस्तीस वर्षं. मग म्हणाला, “त्यानं मला जिन्यापर्यंत ओढत आणलं होतं. मला त्याला घरात मरू देता आलं नाही.” आणि तो मागे सरकला. नव्या पाद्र्यानं प्रार्थना म्हणून वेळ निभावून नेली.

ऑगस्टमध्ये साबरीची दर्या आजारी पडली. पाच वर्षांची पोर. आधी नुसता ताप, मग अंगावर निळे डाग, मग एसेनच्या मोठ्या इस्पितळात नेली तर रक्ताचा आजार निघाला. साबरी तीन आठवडे कामावर आला नाही. आला त्या दिवशी पाळी संपल्यावर तो न्हाणीघरात ब्रेमरच्या समोर येऊन बसला. दोघंही उघडे, अंगावर काजळी.

“डॉक्टरला विचारलं,” साबरी म्हणाला. “मातीमुळं झालं का, म्हटलं. तो म्हणाला, मातीमुळंच असं सांगता येत नाही. मातीमुळं नाही, असंही सांगता येत नाही.”

“साबरी...”

“थांब. मला मोजून सांग. कागद ऑक्टोबरात आला?”

“हो.”

“ऑक्टोबरात माझी पोरगी ठणठणीत होती.” त्यानं साबणाची वडी हातात घेतली, पुन्हा खाली ठेवली. “आणि वाळू मार्चात बदलली. तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“ती खोदायची, पाद्री. वाळूच्या खाली खोदायची. काळी माती लागेपर्यंत खोदायची आणि घरी येऊन सांगायची, बाबा, मी खजिना काढला.”

ब्रेमरनं मान वर केली नाही. साबरी मारील असं त्याला वाटलं. मारावं असंही वाटलं. साबरी उठला, दुसऱ्या टोकाच्या फवाऱ्याखाली जाऊन उभा राहिला, आणि त्या दिवसापासून त्यानं ब्रेमरशी बोलणं टाकलं. काम दोघांचं एकाच रांगेत होतं. झाकण उचलायचं, बसवायचं, कोळशाची गाडी आली की बाजूला व्हायचं. सगळं खुणांनी.

आल्मूटची बालवाडी गावाच्या पलीकडे पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांत सुरू झाली होती. सप्टेंबरात तिनं तिथंच जवळ एक खोली घेतली.

“घटस्फोट मागत नाही मी,” कपडे भरताना ती म्हणाली. “पण मला तुझ्यासमोर बसून जेवता येत नाही. घास तोंडाशी नेला की तो कचऱ्याचा डबा दिसतो.”

“रविवारी येऊ?”

“कॉफीला ये. तीन वाजता. जेवायला नको.”

निवडणुकीत फोसकांप पुन्हा निवडून आला. त्यानं वसाहतीच्या लोकांना नव्या घरांच्या किल्ल्या हसतमुखानं वाटल्या, आणि वर्तमानपत्रात त्याचे फोटो आले. ब्रेमरला त्याचा रागही आला नाही. तो एकच काम करत राहिला. ती रसायनतज्ज्ञ बाई नोकरी सोडून गेली होती. तिच्या मदतीनं त्यानं वसाहतीतल्या प्रत्येक घराचे भरपाईचे अर्ज लिहायला घेतले: कोण आजारी आहे, किती वर्षं राहिलं, वाफ्यातलं काय खात होतं. शनिवारी तो इमारतींचे जिने चढायचा. काही दारं त्याला बघून बंद व्हायची. काही उघडायची, कारण अर्ज कुणीतरी लिहून द्यायलाच हवा होता. कॉफी कुणी विचारत नसे. स्वयंपाकघराच्या टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवून तो लिहायचा, सही घ्यायचा आणि निघायचा. दोआनांच्या दारात तो गेला नाही. त्यांचा अर्ज त्यानं कोरा, पत्ता घालून, साबरीच्या भट्टीवरच्या कपाटाच्या फटीतून आत सरकवला. चार दिवसांनी तो भरलेला, त्याच फटीनं त्याच्या कपाटात परत आला.

वीजेनग्रुंडची घरं एकेक करून पाडली. कबुतरं कितीतरी दिवस त्या मोकळ्या जागेवर घिरट्या घालत राहिली. मग शेजारच्या गावातल्या कुणीतरी ती धरून नेली.

१९८६ च्या मार्चमध्ये भट्टी बंद झाली. कोकला मागणी उरली नव्हती. शेवटच्या दिवशी शेवटच्या भट्टीतून लाल निखाऱ्यांचा शेवटचा डोंगर बाहेर ढकलला. वर्तमानपत्रवाले खाली उभे होते, बँड होता, महापौर होते. ब्रेमर आणि साबरी वरच होते, कारण शेवटची झाकणं कुणीतरी बसवायला हवी होती. काम झाल्यावर दोघं कठड्याशी उभे राहिले. ब्रेमरला खोकला आला. हल्ली तो सकाळसंध्याकाळ यायचा, आणि त्यानं अजून कुणाला दाखवलं नव्हतं.

साबरीनं हातमोजे काढले. दीड वर्षानं तो पहिल्यांदा बोलला, तेही खाली बँडकडे बघत.

“पोरगी ऑगस्टात शाळेत जाणार.”

ब्रेमरनं कठडा घट्ट धरला. “बरी आहे?”

“आत्ता बरी आहे. पुढचं कुणी सांगत नाही.” साबरीनं हातमोजे खिशात कोंबले. “तुला कळावं म्हणून सांगितलं. बाकी मला काही विचारू नकोस.”

“नाही विचारणार.”

साबरी जिन्याकडे निघाला. ब्रेमर आणखी थोडा वेळ तिथंच उभा राहिला. छत अजून तापलेलं होतं, पण खालची आग विझत चालली होती, आणि पायांना लागणारी ऊब हळूहळू कमी होत होती. मग तोही कठड्याचा आधार घेत, एकेक पायरी उतरत खाली गेला.